न केलेली सही

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमचा प्रेरणादायी प्रवास लिहा." मी म्हटलं, माझा प्रवास राजाजीनगर ते कंपनीचं गेट, तोही कंपनीच्या बसने. खिडकीची जागा मिळाली तर तेवढीच प्रेरणा. ते हसले आणि म्हणाले, "मग अनुभव लिहा."

लिहिते, पण माझ्या दोन अटी आहेत. माझ्या मराठीत कानडी शब्द आले तर काढायचे नाहीत. आमचं घराणं बेंगळूरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कोणतं, यावर घरातल्या घरात वाद होतो. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कानडी, असं आम्ही वाढलो आणि दोन्ही भाषांनी आम्हाला आपलं म्हटलं. दुसरी अट अशी, की लेखाच्या शेवटी मी मवाळ होईन अशी अपेक्षा ठेवायची नाही. निवृत्त बायकांनी शेवटी सगळ्यांना क्षमा करायची असते, असं कुठेतरी ठरलेलं दिसतं. मला ते जमणार नाही.

मी अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट होते, औषध कंपनीच्या संशोधन विभागात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, "केमिस्ट आहे म्हणता, तर मेडिकल शॉप कुठल्या भागात?" माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, चामराजपेटेत शिवणाचं दुकान चालवत. ते म्हणाले, "दुकान माझं आहे. तिचं नाही. ती औषधं तपासते." त्यावर होणाऱ्या सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "मग डॉक्टर काय तपासतात?"

आजही आमच्या समोरच्या गिरिजम्मा प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या घेऊन येतात. "अक्का, स्वल्प बघा, ही सकाळची की रात्रीची?" मी म्हणते, ही गोळी शुद्ध आहे का ते मी सांगू शकले असते; कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणतात आणि एवढं शिकून हिला काही येत नाही, अशा चेहऱ्याने परत जातात.

तर आमचं काम काय असतं? चामराजपेटेतून मार्केटकडे जाणाऱ्या एखाद्या गल्लीत आमच्या घरच्या सगळ्यांना एकदम सोडलं, असं समजा. अण्णा कुठेही न थांबता पलीकडे निघतील. आई भाजीच्या गाड्यांशी थांबेल. काकू प्रत्येक फुलवालीशी भाव करेल, बांगड्या बघेल, ओळखीचं कोणी भेटलं तर त्यांच्या सुनेचं बाळंतपण विचारेल आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडेल. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कोण केव्हा बाहेर आलं एवढंच पाहिलं, तरी माणूस ओळखता येतो. आमच्या यंत्रात अशीच एक गल्ली असते, बारीक भुकटी ठासून भरलेली स्टीलची नळी. तिला कॉलम म्हणतात. औषधाचा थेंब तिच्यातून दाबाने ढकलायचा. त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे रेंगाळत किंवा धावत बाहेर पडतो आणि संगणकाच्या पडद्यावर त्याची एक टेकडी उमटते. त्या टेकडीला आम्ही पीक म्हणतो. औषधाची मोठी टेकडी तर दिसणारच असते. माझी सगळी नोकरी तिच्या आजूबाजूच्या वारुळांकडे बघण्यात गेली. हे वारूळ कोणाचं? काल नव्हतं, आज कुठून आलं?

मी सांगणार आहे ती गोष्ट डोळ्यांच्या थेंबांची आहे.

काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने विझत जाते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखण्यासाठी रोज थेंब घालायचे, ते बहुतेक जन्मभर. माझ्या त्याच गप्पिष्ट काकूला काचबिंदू होता. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून ती थेंब घालायची. मी म्हणायचे, "काकू, औषध डोळ्यात घालायचंय, तोंडात नाही." ती म्हणायची, "तोंड मिटलं की डोळा मिटतो, मी काय करू?"

आमच्या विभागात अशाच एका औषधाचे थेंब तयार होत होते. बाजारात होते त्यांच्यापेक्षा स्वस्त पडतील आणि डोळ्यांना कमी चुरचुरतील असे. सगळ्या विभागाचा त्यात जीव होता, माझाही होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला ते औषध नकोच होतं, असं बोललं गेलं.

विभागप्रमुख होते डॉ. खांबेटे, मूळ पुण्याचे. हुशार माणूस, हेही आधीच सांगते. मूर्खाशी भांडले असते तर लेख लिहायला बसले नसते. त्यांच्या हाताखाली मी पुष्कळ शिकले. लॅबमध्ये सगळ्यांशी ते इंग्रजी किंवा हिंदी बोलत, माझ्याशी मराठी. "सरोजाबाई, तुमचं मराठी ऐकलं की मला वाटतं मी धारवाडला उतरलोय," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "धारवाड आमच्यासाठी उत्तरेला आहे, सर."

माझ्या शेजारच्या टेबलावर नागरत्ना काम करायची. हासनकडची, माझ्याच वयाची. आम्ही दोघी एकदम लागलो होतो. ती कमी बोलायची आणि बोलली की कामाचं बोलायची.

औषध तयार झालं की ते किती टिकतं हे बघण्यासाठी बाटल्या उबदार कपाटांत ठेवतात आणि ठरावीक महिन्यांनी काढून तपासतात. सुरुवातीच्या बाटल्या स्वच्छ निघाल्या. मग बाजारात जाईल तशा रूपातली बॅच आली, छापील लेबल, झाकण, सगळं. काही महिन्यांनी त्यातली बाटली काढून मी यंत्राला लावली आणि टेकडीच्या उजव्या बाजूला, सपाट जमिनीवर, एक लहानसं वारूळ दिसलं.

दुसरी बाटली लावली, त्यातही ते होतं. नागरत्नाने तिच्या यंत्रावर लावलं, तिथेही होतं. नियमाने ओळख न पटलेल्या पदार्थाला एक मर्यादा असते. हा पीक त्या मर्यादेच्या जरासा वर होता. अगदी जरासा.

खांबेटे सरांनी पडद्याकडे पाहिलं. "कॉलम जुना झालाय. नवीन लावा."

नवीन लावला. पीक आपल्या जागी होता.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रुग्णांवरच्या चाचणीची तयारी झाली होती. मोठ्या रुग्णालयाची परवानगी आली होती, आणि दुसरी एक कंपनीही याच औषधावर काम करते आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सरोजाबाई, बेसलाइन कुठून घेतलीत?"

बेसलाइन म्हणजे टेकडीच्या पायथ्याची रेघ, जमीन. तिच्यावर टेकडी किती आहे ते यंत्र मोजतं. आणि ही रेघ माणसाला हाताने सरकवता येते. कधी कधी सरकवावीही लागते, यंत्राला सगळं कळत नाही. त्यांनी माउस घेतला आणि त्या वारुळाखालच्या रेघेचं एक टोक किंचित वर उचललं. टेकडी तेवढीच राहिली, पण तिचा पायथा जमिनीत गेला. आकडा मर्यादेच्या खाली आला.

"हे बघा. हेही शास्त्राला धरूनच आहे."

"सर, तुम्ही जमीन उचललीत. टेकडी होती तेवढीच आहे."

"दोन तज्ज्ञ दोन रेघा ओढतील. मला ही बरोबर वाटते. रिपोर्ट करा आणि सही करा."

"तुम्हाला बरोबर वाटत असेल तर तुम्ही सही करा."

त्यांचा चेहरा बदलला. मग आवाज मऊ झाला. "हे बघा, आपण दोघं मराठी माणसं. इथे बाहेरच्यांसमोर तमाशा नको. आपसात मिटवू."

मला हसूच आलं. ज्या गावात माझे पणजोबा जन्मले तिथले लोक माझ्यासाठी बाहेरचे कसे? मी म्हटलं, "सर, मराठीत सांगितलं म्हणून पीक लहान होत नाही."

मी बाहेर येऊन माझ्या यंत्राशी बसले. त्याच दुपारी ते काम माझ्याकडून काढून नागरत्नाला दिलं गेलं. ती केबिनमध्ये गेली आणि लगेच परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी सांगितलं, माझ्या यंत्रावरही तो आहे. मी काय वेगळं लिहू?" आणि ती आपले फ्लास्क धुवायला निघून गेली.

तिसऱ्या कोणाची सही घेतली जाणार हे उघड होतं. म्हणून मी गुणवत्ता विभागाकडे लेखी हरकत दिली. एका ओळीची होती: या नमुन्यात ओळख न पटलेला पदार्थ आहे, तो काय आहे हे कळेपर्यंत माणसाच्या डोळ्यात घालू नये. लेखी आलं की कोणालाही ते दडपता येत नाही. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर माझ्या समोरच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

मोठी मीटिंग बोलावली गेली. विक्री विभागाचे साहेब मुंबईहून आले होते. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, याने कोणाला अपाय होईल असं तुम्हाला म्हणायचंय?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही? म्हणजे कदाचित काहीच होणार नाही?"

"कदाचित नाही."

त्यांनी दोन्ही हात पसरून सगळ्यांकडे पाहिलं. "मग आपण इथे कशासाठी जमलोय?"

"मला माहीत नाही म्हणूनच जमलोय, सर," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी आत्ता सही करते. इथे कोणाला माहीत आहे?"

खांबेटे सर खिडकीबाहेर बघत होते. माझी हरकत समोर घेऊन बसलेल्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख म्हणाल्या, "पुढच्या मीटिंगपर्यंत तो पदार्थ शोधा. सापडला नाही तर मग निर्णय घेऊ." निर्णय काय असेल तेही कळत होतं.

शोधायचं म्हणजे बाद करत जायचं. औषधाची पूड तपासली, स्वच्छ. पाणी स्वच्छ. जंतुनाशक स्वच्छ. बाटलीचं प्लास्टिक कापून, उकळून, त्याचा अर्क काढला, त्यात काही नाही. झाकण, थेंबाची नळी, काही नाही. बाटलीत जे जे जातं ते सगळं निर्दोष होतं आणि बाटलीतलं औषध मात्र नव्हतं. लॅबमधले लोक येता-जाता विचारत, "अक्का, भूत सापडलं का?" मी म्हणायचे, "सापडलं की तुझी ओळख करून देते."

एका सकाळी नागरत्ना त्याच उबदार कपाटाच्या खालच्या फळीवरून काही बाटल्या घेऊन आली. त्याच बॅचच्या होत्या, पण लेबल लावायच्या यंत्रात लेबल वाकडं बसलं म्हणून सोलून बाजूला काढलेल्या. त्यांच्यावर नुसती पेनने खूण होती. "ह्या लावून बघू या का? औषध तेच आहे."

लावल्या. टेकडीच्या उजवीकडची जमीन काकूच्या पोळपाटासारखी सपाट.

मग नागरत्नाने लेबलवाली एक बाटली उचलली, नखाने लेबल सोललं आणि नाकाशी धरलं. लॅबमध्ये कुठलीही गोष्ट हुंगायची नाही, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. तिने ते माझ्या नाकापुढे केलं. ओल्या रंगाचा पुसट वास येत होता.

आम्ही बाटलीच्या आत शोधत होतो आणि ती वस्तू बाहेर होती. लेबलावरची छपाई चकचकीत दिसावी म्हणून वरून एक थर देतात. थेंब पिळता यावेत म्हणून बाटलीचं प्लास्टिक मऊ ठेवलेलं असतं, आणि अशा मऊ प्लास्टिकमधून काही रसायनं हळूहळू झिरपतात, ऊब असली की जास्तच. लेबलावरचं रसायन बाटलीच्या भिंतीतून पार होऊन औषधात उतरत होतं. लेबलाचा अर्क काढून यंत्राला लावला, तर पीक नेमक्या त्याच जागी. पदार्थाच्या रेणूचं वजन सांगणारं आणखी एक यंत्र असतं. त्यावरही दोन्हीकडचं वजन जुळलं.

मी रिपोर्ट लिहिला. नागरत्नाने आणि मी सह्या केल्या. अक्षर चांगलं ठसठशीत काढलं.

इथे चित्रपटात टाळ्या वाजल्या असत्या. आमच्याकडे वाजल्या नाहीत. लेबल बदलायचं ठरलं. लेबल बदललं की टिकण्याच्या सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. त्यात जो काळ गेला तेवढ्यात ती दुसरी कंपनी पुढे निघून गेली. आमच्या वरच्या लोकांनी हिशेब केला आणि थेंबांचं काम बंद केलं. ज्या औषधासाठी भांडले ते औषध आलंच नाही.

त्यानंतर माझी बदली शहराबाहेरच्या कारखान्यात झाली, पाणी तपासणाऱ्या विभागात. तिथे संशोधन नव्हतं. बढतीचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही, मीही काढला नाही. बस पहाटे निघायची, म्हणून माझे यजमान मोहन माझा डबा भरू लागले, आणि त्यांची भाजी माझ्यापेक्षा बरी होते असा शोध आम्हा दोघांनाही लागला. खांबेटे सर थोड्याच दिवसांत दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले. नागरत्ना मात्र जुन्या जागी टिकली. तिचं नाव हरकतीच्या कागदावर नव्हतं याचा मला आनंदच वाटला.

लोक म्हणायचे, शेवटी तुला पाणी तपासायला बसवलं. मी म्हणायचे, पाण्याशिवाय कुठलं औषध होतं ते सांगा. रागाने तिथेही मी तेवढंच कडक काम केलं. माझ्या काळात त्या कारखान्यात एकाही टाकीचं पाणी नुसतं "चालेल" म्हणून पुढे गेलं नाही. आणि नागरत्नाकडून पुढे कळलं, की जुन्या विभागात आता मऊ बाटलीतलं प्रत्येक औषध लेबलसकट आणि लेबलाविना, असं दोन्ही प्रकारे तपासतात. त्या पद्धतीला कोणाचं नाव नाही. तिथल्या नव्या मुलांना वाटतं, हे पहिल्यापासून असंच आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते. काकू विचारायची, "तुझं ते न चुरचुरणारं औषध कधी येणार गं?" मला तिला सांगावं लागलं की येणार नाही. का, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, जे ती सहसा करत नसे. "म्हणजे त्यात काय होतं ते तुला ठाऊक नव्हतं?"

"तेव्हा नव्हतं."

"आणि मी ते डोळ्यात घातलं असतं?"

"हो."

"मग राहू दे," काकू म्हणाली आणि तिने जुनीच बाटली उचलून मान मागे टाकली. ते थेंब तिला किती झोंबायचे ते मी बघत होते. तिच्यासारख्या कितीजणांना आमचे थेंब परवडले असते, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊही नये.

गेल्या वर्षी सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत तिथल्या मराठी मंडळींनी दिवाळीचा फराळ ठेवला होता. जुन्या बेंगळूरचे मराठी लोक कसे बोलतात ते ऐकायला त्यांनी आम्हा काहीजणांना बोलावलं होतं. चिवड्याची बशी हातात घेऊन वळते तर समोर खांबेटे सर. थकले होते, पण ताठ होते. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आले होते. आम्ही कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलो. तब्येती, मुलं, रस्त्यावरची गर्दी, सगळं बोलून झालं. मग ते म्हणाले, "एक विचारू? राग नाही ना येणार?"

"येईल बहुतेक. विचारा."

"ते लेबलातलं रसायन. मी नंतर त्यावर बरंच वाचलं. त्या प्रमाणात बहुधा काही झालं नसतं कोणाला."

"मीही वाचलंय."

"मग एवढं ताणायला हवं होतं? औषध आलं असतं, सरोजाबाई. लोकांना मिळालं असतं. तुमचंही भलं झालं असतं."

मी बशी खाली ठेवली. "सर, तुम्ही रेघ वर उचललीत तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

त्यांनी मान हलवली. "नाही," म्हणाले.

"मग तुम्ही बरोबर नव्हता. तुमचं नशीब बरोबर होतं. नशिबावर सही करायला मला कंपनीने ठेवलं नव्हतं. उद्या तोच कागद पुन्हा समोर आणलात तरी मी पुन्हा नाहीच म्हणेन. पुन्हा पाणी तपासायला पाठवलंत तरी जाईन."

तेवढ्यात त्यांचे जावई चहाचे पेले घेऊन आले. तरुण, हसतमुख गृहस्थ, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतले. सरांनी ओळख करून दिली, "ह्या सरोजाबाई. आमच्या लॅबमध्ये होत्या. फार चांगलं काम केलं आम्ही एकत्र."

"अर्धं खरं आहे," मी जावयांना म्हटलं. "ह्यांनी माझ्याकडे एक सही मागितली होती आणि मी दिली नाही."

जावयांना वाटलं मी गंमत करतेय. ते मोठ्याने हसले आणि सासऱ्यांकडे बघू लागले. खांबेटे सर हसले नाहीत. त्यांनी एक पेला उचलून आधी माझ्या हातात दिला आणि जावयांना म्हणाले, "गंमत नाही. बसा, त्यांच्याकडूनच ऐका."